वाचाघातानंतर जर्मनीची पीआर: सूट टक्क्यांवर नाही, ‘मुळे’वर मिळते

सिडकोत राहणाऱ्या एका निवृत्त काकांनी विचारलंय. त्यांची मुलगी ३६ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी ती नवऱ्यापाठोपाठ श्टुटगार्टजवळ राहायला गेली. जावई आधी सातपूरला नोकरीला होता. (नाशिकमध्ये श्टुटगार्ट हे नाव घरोघरी माहीत आहे ते बॉशच्या कारखान्यामुळे, त्यामुळे हा रस्ता आपल्याकडच्यांच्या पायाखालचा.) जर्मन भाषेची ए-२ परीक्षा ती पास झाली, त्याच्या पुढच्या बी-१ पातळीचा क्लास लावला आणि दोन वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक आला. उजवा हात बराचसा सुधारला, पण बोलणं गेलं. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. जावयाला पीआर मिळाली आहे. हिने अर्ज केला तेव्हा तिथल्या कार्यालयाने पत्र पाठवून बी-१चं प्रमाणपत्र मागितलं. गेल्या दिवाळीत ती नाशिकला आली असताना त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमधून तिचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घेतलंय. ६५ टक्के, पिवळ्या पट्टीचं यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचं) कार्ड. एजंट म्हणतो, ४० टक्क्यांच्या वर असलं की सूट आपोआप मिळते, आणि त्याने एक फॉर्मही भरून घेतलाय. हे खरं का? तिची स्वतःची कमाई नाही, पेन्शनचे हप्ते नाहीत, त्याचं काय? आणि वर्षभर तिला नाशिकला आणून उपचार केले तर चालेल का?

काका, आधी त्या फॉर्मचं बोलू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यात एन-६४८ असं छापलंय. तो अमेरिकेचा फॉर्म आहे, तोही तिथल्या नागरिकत्वाचा. जर्मनीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एजंटाला पैसे दिले असतील तर ते मागा, आणि यापुढे त्याला फोन करू नका.

आता मूळ मुद्दा. ज्याला आपण पीआर म्हणतो त्याचं जर्मन नाव निडरलासुंग्स-एरलाउबनिस, म्हणजे मुदत नसलेला वास्तव्य परवाना. त्याच्या अटी तिथल्या वास्तव्य कायद्याच्या कलम ९, पोटकलम २ मध्ये क्रमांक घालून दिल्या आहेत. पाच वर्षं परवान्यावर वास्तव्य, स्वतःच्या खर्चाची सोय, पेन्शन विम्याचे ६० महिन्यांचे हप्ते, बी-१ पातळीची भाषा, देशाच्या कायदा-समाजव्यवस्थेची तोंडओळख, पुरेसं घर आणि आणखी दोन-तीन. भाषा हा क्रमांक ७, तोंडओळख हा क्रमांक ८. त्याच पोटकलमाचं तिसरं वाक्य सांगतं, की शारीरिक, बौद्धिक किंवा मानसिक आजारामुळे अथवा दिव्यांगत्वामुळे क्रमांक ७ आणि ८ पूर्ण करता येत नसतील तर त्यांतून सूट दिली जाते.

‘दिली जाते.’ ‘देता येईल’ असं नाही म्हटलेलं. पुढच्याच, चौथ्या वाक्यात ‘देता येईल’ असं आहे. ते वाक्य अडचणीत सापडलेल्या बाकीच्यांसाठी, आणि तिथे अधिकाऱ्याला मुभा आहे. तिसऱ्या वाक्यात ती मुभा नाही. कारण सिद्ध झालं की सूट द्यावीच लागते. म्हणून जावयाला सांगा, पत्रात ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ असली भाषा नको. आपल्याकडच्या अर्जांची ती सवय तिथे अंगाशी येते. सहानुभूती मागितली की प्रकरण चौथ्या वाक्याच्या खात्यात जाऊन पडतं. सरळ लिहा, ‘कलम ९, पोटकलम २, वाक्य ३ नुसार अर्ज, ते मान्य न झाल्यास वाक्य ४ नुसार.’

मात्र तिसऱ्या वाक्यातला खरा खिळा आहे तो ‘मुळे’. शाळेत आपण त्याला शब्दयोगी अव्यय म्हणत होतो आणि विसरून जात होतो. जर्मनमध्ये तोच शब्द ‘वेगन’. दिव्यांगत्व आहे आणि बी-१ नाही, एवढ्यावर काही ठरत नाही. दिव्यांगत्वा*मुळे* बी-१ होत नाही, हे दाखवावं लागतं. टक्के हे काम करत नाहीत. जर्मनीचे स्वतःचेही करत नाहीत.

माझ्या कामातली दोन माणसं सांगतो. नाशिकला परतण्याआधी मी तिकडे स्थलांतर सल्ल्याच्या कामात बरीच वर्षं काढली. एकाचा पाय अपघातात गुडघ्याखालून गेलेला. तिथल्या दिव्यांग कार्डावर त्याची ७० ही श्रेणी होती (तिथे २० पासून दहा-दहाच्या पायरीने १०० पर्यंत श्रेणी देतात आणि ५० पासून कार्ड मिळतं). मी नवीन होतो. कार्डाची प्रत जोडली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि फाईल दिली. नकार आला. रागारागाने नकाराचं पत्र वाचायला घेतलं तर अधिकाऱ्याचं बरोबर होतं. पाय नसल्याने भाषा का येत नाही, याचं उत्तर माझ्या फाईलमध्ये नव्हतं, कारण तसं उत्तर मुळात नव्हतंच. त्याच माणसाचे हप्ते कमी भरले होते, आणि सूट तिथे मागायला हवी होती. दुसरी एक बाई, तिच्याकडे कसलंही कार्ड नाही, श्रेणी नाही. जुनं, खोल नैराश्य. तिच्या मनोविकारतज्ज्ञांनी अडीच पानांत लिहिलं होतं की लक्ष किती मिनिटं टिकतं, कालचं आज किती आठवतं, वर्गात बसल्यावर काय होतं. तिला सूट मिळाली.

तेव्हा सिव्हिलचं कार्ड जोडा, त्याने नुकसान नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी आणि भाषेच्या दिव्यांगत्वात वाचाघाताचं नाव घेऊनच उल्लेख आहे, त्यामुळे निदान दोन देशांच्या कागदांवर एकच आहे एवढं तरी दिसेल. पण तिथला अधिकारी आपल्या टक्क्यांना बांधील नाही, आणि पिवळी पट्टी की निळी याचं त्याला काहीही नाही. यूडीआयडी कार्ड हिंदी-इंग्रजीत असतं. त्याचं आणि इथल्या न्यूरॉलॉजिस्टच्या रिपोर्टचं जर्मन भाषांतर तिथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्या. अपॉस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या सरकारी शिक्क्याच्या नादी मात्र लागू नका. भारताच्या अपॉस्टिलवर जर्मनीने आक्षेप नोंदवलेला असल्याने तो शिक्का तिथे चालत नाही, आणि वैद्यकीय कागदांना त्याची गरजही नसते. इथे काही लोक त्यासाठीसुद्धा हजारो रुपये काढतात.

सगळा भार ज्या कागदावर आहे तो म्हणजे तिथल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तिकडचे मराठी लोकही त्याला ‘आटेस्ट’च म्हणतात. तुम्ही पाठवलेल्या आटेस्टमध्ये दोन वाक्यं आहेत: ‘रुग्णास स्ट्रोकनंतर वाचाघात आहे. त्यामुळे जर्मन परीक्षा देणे शक्य नाही.’ यातलं ‘त्यामुळे’ पोकळ आहे. अधिकारी भाषेचा डॉक्टर नाही. त्याच्या डोळ्यांसमोर अशी बाई येते जिला बोलता येत नाही, पण कदाचित वाचता येतं, लिहिता येतं, ऐकून कळतं. मग तो विचारणारच, की बोलण्याचा भाग वगळून परीक्षा का नाही? वेळ वाढवून का नाही? तिकडे गोएथे आणि टेल्क या भाषेची परीक्षा घेणाऱ्या दोन्ही संस्थांत दिव्यांगांना जादा वेळ, मोठा टाइप, वेगळी खोली अशी सोय मिळते. कर्णबधिर आणि दृष्टिहीन लोकांसाठी वेगळे इंटिग्रेशन कोर्सही (स्थलांतरितांसाठीचे भाषेचे वर्ग) आहेत. ‘सोय देऊनही का जमत नाही’ याचं उत्तर आटेस्टमध्ये नसेल तर फाईल परत येते. बहुतेक नकार मी याच एका ठिकाणी अडकलेले पाहिलेत.

चांगलं आटेस्ट कसं असतं ते सांगतो, म्हणजे जावयाला डॉक्टरांशी बोलता येईल. सुरुवातीला स्ट्रोकची तारीख आणि मेंदूचा कुठला भाग, एमआरआयच्या आधारे. मग आखेनची वाचाघात चाचणी झाली असेल तर तिचे गुण. ही जर्मन भाषेसाठीच बेतलेली चाचणी आहे. त्यात ऐकून समजणं, म्हटलेलं पुन्हा म्हणणं, वस्तूचं नाव सांगणं, वाचन-लेखन हे सगळं वेगवेगळं मोजतात, त्यामुळे बी-१च्या चार भागांशी ती सहज जुळवता येते. आता एक मेख आहे. तुमच्या मुलीची मायबोली मराठी. जर्मन चाचणीत गुण कमी आले की ‘तिला जर्मन येतच नव्हतं’ असं म्हणायला वाव राहतो. म्हणून ए-२चं जुनं प्रमाणपत्र फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. लोकांना उलटं वाटतं. ते लपवतात, की आधी येत होतं म्हटल्यावर सूट कशी मिळेल. ती शिकत होती, पास होत होती आणि अमुक तारखेनंतर ते थांबलं, याहून चांगला पुरावा नाही. ‘मुळे’ तिथेच दिसतो.

आणि मराठीचं काय झालंय हेही यायला हवं. तुम्ही फोनवर म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती चहा हवा असला तरी ‘दार’ म्हणते, चुकलंय हे तिला कळतं आणि मग ती हाताने कप दाखवते. तुमच्या नातवाचं नाव तिला येतं, पण ‘नाव सांग’ म्हटलं की येत नाही. तो खोलीत आला की येतं. हे डॉक्टरांना माहीत नाही, कारण त्यांच्या खोलीत ती गप्प असते आणि जावई बोलतो. माझा सल्ला असा की दोन आठवडे एक वही ठेवा. रोज चार-पाच ओळी. सकाळी काय विचारलं, काय उत्तर आलं, किती वेळाने. पेपरातला मथळा वाचायला दिला तर काय झालं. घरचा पत्ता लिहायला सांगितला तर कुठे थांबली. वीस मिनिटांनंतर थकवा येतो का. ही वही मराठीतच लिहा. कार्यालयाला ती द्यायची नाही. जावयाने ती घेऊन तिच्या लोगोपेडी, म्हणजे वाचा-उपचार करणाऱ्या थेरपिस्टकडे बसायचं. तिथल्या थेरपिस्टचा अहवाल डॉक्टर आटेस्टला जोडतात, आणि दोन वर्षांत किती सत्रं झाली, प्रगती कुठवर आली आणि कुठे थांबली हे त्यात असतं. शेवटी डॉक्टरांनी पुढचा अंदाज द्यायला हवा. जमत नाही ते काही महिन्यांपुरतं की कायमचं? सहा महिन्यांनी सुधारेल असं लिहिलं तर अधिकारी म्हणेल, मग सहा महिन्यांनी या.

वाढवून काही लिहू नका. ती घरातले आकडे वाचते, बसचा नंबर ओळखते, हे खरं असेल तर आटेस्टमध्ये राहू द्या. ज्या अहवालात माणसाला काहीच येत नाही असं म्हटलंय, तो वाचणाऱ्याला पहिल्या भेटीतच खोटा वाटतो, कारण ती समोर बसून ‘गुटन टाग’ म्हणते. आणि वाचाघात झालेल्यांचं नमस्कार-चमत्कार बरेचदा शाबूत असतं.

क्रमांक ८ म्हणजे ती ‘जर्मनीतलं जीवन’ परीक्षा. ३३ प्रश्न, एक तास, खुणा करायच्या, पीआरसाठी १५ बरोबर आले की झालं. प्रश्न आधीच जाहीर झालेल्या ३१०च्या यादीतून येतात. इथे घाई करू नका. तिसरं वाक्य दोन्ही क्रमांकांना लागू आहे, पण कारण प्रत्येकाचं वेगळं पाहतात. तिला छापील वाक्य खरोखर कळत नसेल तर दोन्हींतून सूट मागा आणि आटेस्टमध्ये दोन्हींचा वेगवेगळा परिच्छेद घ्या. वाचून कळत असेल तर यादी घरी करून ती परीक्षा देऊन टाकावी. एक अट पूर्ण करून दुसरीतून सूट मागणाऱ्या फाईलकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. हा कायदा नाही, माझा अनुभव.

आता कमाई आणि हप्ते. इथे तुम्ही उगाच झोप घालवताय. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर त्याच कलमाच्या पोटकलम ३ प्रमाणे ६० महिन्यांचे हप्ते दोघांपैकी एकाने पूर्ण केले तरी पुरतं. जावयाचे किती महिने झालेत ते पेन्शन विम्याच्या उताऱ्यावर दिसेल. सहा वर्षं सलग नोकरी असेल तर ७०च्या आसपास असतील. घरखर्चाची सोयही जावयाच्या पगारातून धरली जाते. तिला केअर विम्यातून (रोजच्या देखभालीसाठीचा विमा) महिन्याला पैसे मिळत असतील तर ते आड येत नाहीत, कारण तो विमा आहे, सरकारी मदत नाही. थोडक्यात, या दोन अटींत तुम्हाला सूट मागायचीच नाहीये. मागितलीत तर ‘या कुटुंबाचं भागत नाही का’ अशी शंका विनाकारण उभी राहील. जिथे एकटा माणूस आजारामुळे नोकरी करू शकत नाही, तिथे पोटकलम २चं सहावं वाक्य आहे. खर्चाची सोय आणि हप्ते या दोन्हींतून त्याच ‘मुळे’वर सूट मिळते. वर सांगितलेल्या पाय गेलेल्या माणसाचं काम पुढे त्यावरच झालं. दिवसाला तीन तासही काम करू शकत नाही असा पेन्शन विम्याचा निर्णय हातात असला तर ते प्रकरण बरंच सोपं जातं.

पाच वर्षांच्या वास्तव्यातून आणि घराच्या जागेतून मात्र आजारपणाची सूट नाही. तुमच्याकडे दोन्ही आहे, पुढे जाऊ.

दिलेल्या अर्जाबाबत एक काळजी घ्या. तिच्या सध्याच्या कौटुंबिक परवान्याची तारीख बघा. तो संपायच्या आत अर्ज गेलेला असायला हवा आणि अर्जात दोन मागण्या हव्यात: पीआर, आणि ती न मिळाल्यास सध्याच्या परवान्याची मुदतवाढ. पीआर नाकारली म्हणून कौटुंबिक परवाना रद्द होत नाही, हे तुमच्या पत्नीला नक्की सांगा, त्या फोनवर रडत होत्या. कार्यालयाने सरकारी डॉक्टरांची तपासणी मागितली तर नाही म्हणू नका, पण गोपनीयतेतून मोकळीक देणाऱ्या कागदावर सही करताना तो ‘सर्व डॉक्टर, सर्व कागद’ असा सरसकट नको. त्यात डॉक्टरांचं नाव आणि विषय घालून घ्या. सही तिची तिने करायची. डाव्या हाताने केली तरी चालते. भाषा गेली म्हणजे समज गेली असं नाही, आणि जावयाने सगळीकडे स्वतः सही करणं तिच्या बाजूने दिसत नाही. नकार आलाच तर पत्राच्या शेवटी दाद मागायची मुदत लिहिलेली असते, बहुधा एक महिना. तेवढ्यात वकील गाठा. तीन महिने काहीच उत्तर नाही आलं तर दिरंगाईविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. नुसतं तसं लिहिलेलं वकिलाचं पत्र गेलं तरी पुष्कळदा फाईल हलते.

तिथे फुकट सल्लाही आहे, आणि आपले लोक तिकडे फिरकत नाहीत कारण फुकट म्हणजे वाईट असं वाटतं. कारितास, डायाकोनी, रेड क्रॉस यांच्या स्थलांतर सल्ला केंद्रांत ही कलमं रोज हाताळणारी माणसं बसतात. दिव्यांगांसाठी वेगळी स्वतंत्र सल्ला केंद्रंही जर्मनीभर आहेत, २०१८ पासून. त्यांना ‘ईयूटीबी’ (EUTB) म्हणतात. आटेस्ट नीट झालंय का हे दाखवायला जावयाने तिथे एक फेरी मारावी.

शेवटचा प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण सगळ्यात धोक्याचा तोच आहे. वर्षभर नाशिकला आणायचं म्हणता. मला कळतं. इथे आई आहे, मराठी थेरपिस्ट आहे, आणि जी भाषा परत यायची असेल ती आधी मराठीच येईल असं तुम्हाला वाटतं. पण जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की परवाना आपोआप संपतो. पीआर मिळाल्यावरही हा नियम सुटत नाही. १५ वर्षं कायदेशीर राहून खर्चाची सोय असलेल्यांना वेगळा नियम आहे, तिचा नंबर त्यात नाही. एवढंच नाही, कायमचं परतायच्या बेताने देश सोडला तर सहा महिने थांबायचीही गरज नसते. म्हणून तिकडच्या पत्त्यावरची नोंद काढू नका, घर सोडल्यासारखं काही करू नका. उपचारांसाठी जास्त दिवस राहायचंच असेल तर *निघायच्या आधी* कार्यालयाकडे अर्ज करून जास्तीची मुदत लेखी घ्यायची. आजारपणाचं कारण त्यात चालतं. विमानात बसल्यावर केलेल्या ईमेलला अर्थ नाही. आणि तिथला सरकारी आरोग्य विमा नाशिकच्या बिलाला लागत नाही, तो खर्च वेगळा धरा.

२०२७ च्या सिंहस्थाला तिला आणायचं तुमच्या मनात आहे म्हणालात. जरूर आणा. जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं एकदम काढा आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो ठेवा. मात्र आत्ता अर्ज प्रलंबित आहे तोवर कार्यालयाच्या भेटीची तारीख चुकू देऊ नका. वहीची पहिली पानं झाली की मला फोटो पाठवा. थेरपिस्टसाठी त्यातलं काय घ्यायचं ते मी खुणा करून देतो.